पारितोषिक कोणास आणि कां ?

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. वऱ्हाडांतील एका महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या चित्रांचें प्रदर्शन भरलें होतें आणि तीन परीक्षकांपैकीं मी एक होतों. सभागृहाच्या भिंतींना दोऱ्या ताणून त्यांवर चित्रें टांगलीं होतीं. प्रत्येक चित्राखालीं कर्त्याच्या नांवाऐवजीं केवळ क्रमांक लिहिला होता. आमच्या हातीं छापील तक्ते दिले होते : रेखन २५, रचना २५, रंगसंगति २५, विषयाची मांडणी २५, मिळून १००. पाहुणे चार वाजतां यावयाचे होते आणि त्यापूर्वीं निकाल लावणें भाग होतें. आम्ही झपाट्यानें सभागृहांतून हिंडलों आणि आंकडे भरलेले तक्ते चिटणिसांच्या स्वाधीन करून मोकळे झालों.

पहिलें पारितोषिक एका व्यक्तिचित्रास मिळालें. तें छायाचित्रावरून उतरविलें आहे हें उघड दिसत होतें. पण काम सफाईचें होतें आणि त्यांत बोट ठेवावयास जागा नव्हती. अवघ्या तीन गुणांनीं मागें राहिलेलें दुसरें चित्र कापसाच्या बाजाराचें होतें. शिगोशीग भरलेल्या बंड्या, सोडलेले बैल, आणि मधल्या मोकळ्या जागेंत वजनाची वाट पाहत बसलेलीं माणसें, असा तो देखावा होता.

समारंभ आटोपल्यावर एक विद्यार्थी माझ्यापाशीं आला आणि म्हणाला, ‘सर, माझ्या चित्रांत काय चुकलं ?’ त्याच्या स्वरांत तक्रार नव्हती. त्याला खरोखरीच जाणून घ्यावयाचें होतें. मीं सांगितलें कीं, चित्र चांगलें आहे, पण यथार्थदर्शन बिघडलें आहे. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला बंडीतल्या कापसाचा माथा असा वरून दिसत नाहीं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘सर, म्या हे गंजीवर बसून काहाडलं. तथून बंड्या अशाच दिसतात.’

मी परत सभागृहांत जाऊन त्या चित्रापुढें उभा राहिलों. मुलाचें म्हणणें खरें होतें. पाहणाराची नजर उंचावर आहे असें एकदां मानलें कीं प्रत्येक रेषा आपापल्या ठिकाणीं नीट बसत होती. चिटणिसांकडून तक्ते मागून पाहिले. एका परीक्षकानें त्या चित्रास ९० गुण दिले होते, दुसऱ्यानें ८०, आणि मीं २५, बेरीज १९५. पहिल्या आलेल्या चित्रास आम्हीं तिघांनीं प्रत्येकीं ६६ दिले होते, बेरीज १९८. पाहुणे निघून गेले होते, ढाल दुसऱ्याच्या हातीं पडली होती, आणि माझी चूक दुरुस्त करण्याचा कोणताहि मार्ग उरला नव्हता. मीं माझें कारण निकालापूर्वीं मोठ्यानें बोलून दाखविलें असतें, तर तें तेथल्या तेथें खोडलें गेलें असतें. आंकड्याला मात्र कोणी उत्तर देऊं शकत नाहीं.

तेव्हांपासून चित्रांना पारितोषिकें देण्याची ही चाल आपल्याकडे कोठून आली, आणि तिच्याबरोबर कारण सांगण्याची चाल आली कीं नाहीं, हा प्रश्न माझ्या मनांत घोळत राहिला. त्याचा थोडा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम हा शब्दच पाहूं. पारितोषिक म्हणजे परितोषानें, संतोषानें दिलेली वस्तु. राजा संतुष्ट झाला म्हणजे कलावंताला शेला, कडें किंवा गांव देई. सावकार खूष झाला म्हणजे हातांतली अंगठी काढून देई. तेथें कारण विचारण्याचें प्रयोजन नव्हतें, कारण देणारा आपल्या पदरचें देत होता आणि संतोषहि त्याचा स्वतःचाच होता. प्रदर्शनांतील परीक्षकाची गोष्ट निराळी. तो दुसऱ्याचें पदक, दुसऱ्याच्या वतीनें, अनेकांमधून एकास निवडून देतो. म्हणजे तो दाता नसून न्यायाधीश असतो, आणि न्यायाधीशानें निकालाबरोबर कारणें दिलीं पाहिजेत हें आपण न्यायालयांत तरी गृहीत धरतों. शब्द जुना राहिला, व्यवहार मात्र नवा आला, आणि आपण नव्या व्यवहारांत जुन्या राजाच्या ऐटीनें वागूं लागलों.

हा नवा व्यवहार आकारास आला तो मुख्यतः १८५१ सालीं लंडनच्या हाइड पार्कांत भरलेल्या महाप्रदर्शनांत. हिंदुस्थानांतूनहि तेथें कापड, दागिने, कोरीव काम असा पुष्कळ माल गेला होता. मालाचे वर्ग पाडून प्रत्येक वर्गासाठीं परीक्षकांचें मंडळ नेमण्यांत आलें; मंडळांत ब्रिटिशांबरोबर परदेशी परीक्षकहि घेतले. पदकें वांटलीं गेलीं, तशी त्यांवर भांडणेंहि झालीं. परंतु लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, १८५२ सालीं ह्या परीक्षकमंडळांचे अहवाल एका जाड ग्रंथाच्या रूपानें छापून प्रसिद्ध झाले. कोणत्या मालाला पदक दिलें आणि त्यांत कोणता गुण आढळला, हें ज्याला वाचावयाचें त्यानें वाचावें अशी ती सोय होती. पदक आणि अहवाल हीं जुळीं भावंडें होतीं. आपल्याकडे त्यांतलें एकच नांदावयास आलें.

ह्या प्रदर्शनाची लाट आपल्या देशांत लौकरच पोंचली. सर जमशेटजी जिजीभाई यांनीं १८५३ सालीं एक लक्ष रुपये देऊं केले आणि त्यांतून १८५७ च्या मार्च महिन्यांत मुंबईस चित्रकलेची शाळा सुरू झाली. तीच पुढें सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट म्हणून नांवारूपास आली. वऱ्हाडच्या शेजारीं, नागपुरास, १८६५ च्या डिसेंबरांत मध्यप्रांताचें कलाकौशल्य व उत्पन्न यांचें प्रदर्शन भरलें. त्या वेळीं रेल्वे नागपुरास पोंचलेली नव्हती. ती पोंचली १८६७ सालीं. वऱ्हाड तर त्या काळीं निराळाच कारभार होता : १८५३ पासून इंग्रजांच्या व्यवस्थेखालीं असलेला, पण नांवानें निजामाचा. १९०३ सालीं तो मध्यप्रांतास जोडला गेला. तात्पर्य, चित्रकला शिकावयाची म्हटली म्हणजे वऱ्हाडच्या मुलाला नागपूर किंवा मुंबई गांठावी लागे, आणि चांगलें चित्र कोणतें हेंहि तेथूनच ठरून येई. ही गोष्ट पुढें उपयोगी पडणार आहे, म्हणून ती ध्यानांत असूं द्यावी.

मुंबईस १८८८ सालीं बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली. आरंभीं तींत युरोपियन अधिकारी आणि हौशी मंडळी यांचाच भरणा होता. अशा ठिकाणीं १८९५ सालीं महादेव विश्वनाथ धुरंधर ह्या कोल्हापूरच्या, जे. जे. स्कूलांत शिकलेल्या तरुणाच्या चित्रानें सुवर्णपदक मिळविलें. चित्राचा विषय होता आपल्याकडील घरगुती प्रसंगाचा. लक्ष्मी नांवाच्या स्त्रीचें स्वागत त्यांत दाखविलें आहे. देवादिकांचे किंवा राजेरजवाड्यांचे विषय सोडून मराठी घराच्या उंबऱ्यावरील प्रसंग पदकास पात्र ठरला, ह्याचा परिणाम पुढील विद्यार्थ्यांवर झाल्यावांचून राहिला नाहीं. धुरंधर पुढें त्याच शाळेंत शिक्षक झाले, आणि १९४० सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें’ ह्या आत्मचरित्रांत त्यांनीं त्या काळाचें चित्र रेखाटून ठेवलें आहे.

त्यानंतर एकाच वर्षानें घडलेली हकीकत आपल्या विषयाला अधिक जवळची आहे, कारण तिचा नायक विद्यार्थी होता. गणपतराव काशिनाथ म्हात्रे यांनीं १८९६ सालीं, वयाच्या विशीच्या आसपास, पूजेस निघालेल्या मराठी तरुणीचा पुरुषभर उंचीचा पुतळा प्लास्टरांत घडविला. मराठींत तो ‘मंदिरपथगामिनी’ ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. नऊवारी लुगड्याच्या चुण्यांतून अंगाची ठेवण आणि पावलाची गति दिसावी, आणि तरीहि मूर्तीच्या मुद्रेवरील सोज्ज्वळपणा ढळूं नये, अशी ती करणी आहे. बॉम्बे आर्ट सोसायटीनें तिला रौप्यपदक दिलें. सुवर्ण नव्हे, रौप्य.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर ती आज कोणाच्या स्मरणांत राहिली नसती. परंतु पुतळ्याचें छायाचित्र विलायतेस गेलें. सर जॉर्ज बर्डवुड यांनीं मुक्तकंठानें स्तुति केली. मद्रासच्या कलाशाळेचे पूर्वींचे प्रमुख चिझम यांनीं तिला आक्षेप घेतला. हिंदी कलावंतानें युरोपीय पद्धतीनें केलेलें हें काम कशा मापानें मोजावयाचें, हा वादाचा गाभा होता. इकडे बंगाल्यांत रवींद्रनाथ ठाकूर यांनीं १८९८ सालीं ह्या मूर्तीवर बंगालींत लेख लिहिला. मुंबईच्या एका विद्यार्थ्याच्या हातून घडलेल्या प्लास्टरच्या मूर्तीबद्दल लंडन आणि कलकत्ता येथें कारणें देऊन लिहिलें जात होतें. पदकानें म्हात्र्यांना एक दिवसाचा मान दिला; ह्या वादानें त्यांच्या कामाला स्थान दिलें. स्तुति आणि आक्षेप दोन्ही लेखी होते, म्हणून आज सव्वाशें वर्षांनंतरहि आपण ते तपासून पाहूं शकतों आणि आपलें मत बनवूं शकतों. रौप्यपदक देणारांच्या मनांत काय होतें तें मात्र पदकावरून वाचतां येत नाहीं.

परीक्षकांचें मंडळ चुकतें तेव्हां काय होतें, ह्याचीं दोन उदाहरणें देतों; एक परदेशचें आणि एक आपल्या देशांतील. पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनाच्या मंडळानें १८६३ सालीं निम्म्याहून अधिक चित्रें नाकारलीं. ओरड इतकी झाली कीं, सम्राट् तिसरा नेपोलियन यानें नाकारलेल्या चित्रांचें स्वतंत्र प्रदर्शन भरविण्याचा हुकूम दिला आणि लोकांनींच पाहून ठरवावें असें जाहीर केलें. लोक पाहावयास गेले आणि बहुतेक हंसले. पण ज्या चित्रांना ते हंसले त्यांत एदुआर माने यांचें गवतावरील भोजनाचें चित्र होतें, आणि आज त्याच चित्रापासून नव्या चित्रकलेची सुरुवात मोजणारे पुष्कळ आहेत. तेव्हां मंडळ चुकूं शकतें, तसा लोकसमूहहि चुकूं शकतो. ह्यावर उपाय एकच : नाकारलेलें कामहि कोठें तरी भिंतीवर राहिलें पाहिजे, म्हणजे पुढची पिढी तें पुन्हा पाहूं शकते.

दुसरें उदाहरण अमृता शेर-गिल यांचें. पॅरिसला शिकून त्या १९३४ सालीं हिंदुस्थानांत परतल्या आणि १९३५ सालीं त्यांनीं सिमल्याच्या फाइन आर्ट्‌स सोसायटीकडे दहा चित्रें पाठविलीं. मंडळानें पांच परत केलीं आणि ठेवून घेतलेल्या पांचांपैकीं एकास पारितोषिक दिलें. त्यांनीं तें पारितोषिक नाकारलें. आपलें अधिक चांगलें काम परत करून कमी दर्जाच्या कामाचा गौरव व्हावा हें त्यांना मान्य नव्हतें. दोनच वर्षांनीं, १९३७ सालीं, बॉम्बे आर्ट सोसायटीनें त्यांच्या ‘तीन मुली’ ह्या चित्रास सुवर्णपदक दिलें. चित्रकर्ती तीच, रंग तेच, काळहि जवळजवळ तोच. बदलले ते पाहणारे डोळे. पारितोषिकाच्या यादींत चित्रकाराइतकीच परीक्षकाचीहि परीक्षा नोंदली जाते ती अशी.

ह्याच्या उलट, जेथें स्पर्धा नव्हती, पदक नव्हतें, तेथेंहि योग्य पारख झाल्याचें एक उदाहरण कुलाबा जिल्ह्यांतील आहे. सासवणें ह्या समुद्रकांठच्या गांवीं एका मुलानें देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचें चित्र काढलें होतें. जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड फिरतीवर असतां त्यांनीं तें पाहिलें, मुलाची चौकशी केली आणि त्याला जे. जे. स्कूलांत पाठविण्याची व्यवस्था केली. तो मुलगा म्हणजे विनायक पांडुरंग करमरकर. पुण्यास १९२८ सालीं उभा राहिलेला शिवाजी महाराजांचा भव्य अश्वारूढ पुतळा त्यांच्याच हातचा. रॉथफील्ड साहेबांनीं त्या भिंतीला शंभरांपैकीं गुण दिले नाहींत. मुलाला पुढें काय लागेल एवढेंच त्यांनीं पाहिलें.

आतां आपल्या प्रांताकडे येऊं. १९२३ सालीं नागपूर विद्यापीठ स्थापन झालें आणि त्याच वर्षीं अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघालें. आज तें शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था ह्या नांवानें चालतें. वऱ्हाडांत उच्च शिक्षणाची वाट तेव्हांपासून रुंद झाली. चित्रकलेचें शिक्षण मात्र त्या वाटेवर नव्हतें. मध्यप्रांत व वऱ्हाड ह्या जुन्या प्रांतांतील मंडला जिल्ह्यांत जन्मलेले सय्यद हैदर रझा १९३९ ते १९४३ पर्यंत नागपूरच्या चित्रशाळेंत शिकले आणि नंतर मुंबईस गेले. बॉम्बे आर्ट सोसायटीचें रौप्यपदक त्यांना १९४६ सालीं आणि सुवर्णपदक १९४८ सालीं मिळालें. पण स्वतः रझा आयुष्यभर जी आठवण सांगत ती पदकांची नव्हे. खेड्यांतील शाळेंत त्यांचें लक्ष लागत नसे, तेव्हां गुरुजींनीं भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे पाहत बसावयास सांगितलें. त्या ठिपक्यांतून पुढें त्यांच्या चित्रांतला बिंदु आला. शिक्षकानें विद्यार्थ्याची नेमकी अडचण ओळखून दिलेली ती एक वस्तु होती. कोणत्याहि पारितोषिकानें ह्याहून अधिक काय करावयाचें असतें ?

स्वातंत्र्यानंतर विद्यार्थ्यांच्या कलेला एक नवें व्यासपीठ मिळालें. १९५४ सालीं दिल्लीस पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव भरला. १९५६ सालीं वऱ्हाड मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत. राज्याचें कलासंचालनालय १९६५ सालीं स्थापन झालें. राज्य कला प्रदर्शनांत विद्यार्थ्यांसाठीं स्वतंत्र विभाग असतो. अकोल्यास १९६९ सालीं कृषि विद्यापीठ निघालें, आणि १ मे १९८३ रोजीं अमरावतीस स्वतंत्र विद्यापीठ झालें, तें आज संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ ह्या नांवानें ओळखलें जातें. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम ह्या पांच जिल्ह्यांतील महाविद्यालयें त्याच्या कक्षेंत येतात. ह्या विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत गाणें, नाटक, वक्तृत्व ह्यांच्या जोडीला स्थळचित्रण, भित्तिपत्रक, व्यंगचित्र, चिकटचित्र, मातीकाम आणि रांगोळी यांच्या स्पर्धा होतात.

भारतीय विद्यापीठ संघाच्या नियमांप्रमाणें स्थळचित्रणाचा कागद २२ इंच लांब व १५ इंच रुंद असतो, वेळ अडीच तासांहून अधिक नसतो, आणि विषय जागच्या जागीं दिला जातो. नियम सर्वांना सारखे आहेत, त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु स्पर्धेस बसणारीं मुलें सारखीं नसतात. त्यांत कलाशिक्षक पदविकेचा अभ्यास करणारा, ज्याचा हात रोजच्या सरावानें वळलेला आहे असा विद्यार्थी असतो. आणि शेतकीचा, रसायनाचा किंवा वाणिज्याचा विद्यार्थी असतो, ज्यानें शाळेंतल्या रेखाकलेच्या परीक्षेनंतर केवळ स्वतःच्या हौसेनें कुंचला हातीं धरला आहे. कोणी अमरावतीच्या परकोटाचा जवाहर दरवाजा रोज पाहत वाढलेला, कोणी अकोल्याच्या असदगडाखालीं मोर्णेच्या कांठीं, तर कोणी मेळघाटाच्या डोंगरांत. त्यांच्या डोळ्यांपुढचें जग निरनिराळें असतें. परीक्षक मात्र बहुधा एकाच वळणाचे असतात, आणि मघांशीं सांगितल्याप्रमाणें तें वळण मुंबई-नागपूरच्या चित्रशाळांतून आलेलें असतें. गंजीवर बसून पाहिलेली बंडी त्या वळणांत सहजासहजीं बसत नाहीं. मला बसविता आली नाहीं तीहि ह्याच कारणानें.

आतां बेरजेच्या पद्धतीचा एक दोष दाखवितों, कारण तो गणिताचा आहे आणि कोणालाहि ताडून पाहतां येईल. तीन परीक्षकांचे गुण मिळविले कीं, ज्या चित्राबद्दल कोणाचेंच कांहीं म्हणणें नाहीं तें सुरक्षित राहतें. आणि ज्यानें एकाला भारून टाकलें व दुसऱ्याला खटकलें तें खालीं येतें. आपल्या उदाहरणांत ६६, ६६, ६६ हें पहिलें आलें आणि ९०, ८०, २५ हें मागें पडलें. नवीन कांहीं सांगणारें चित्र बहुधा दुसऱ्या जातीचें असतें. म्हणजे बेरीज ही निःपक्षपाती खरी, पण ती मध्यम चित्राची बाजू घेते. ज्या चित्राच्या गुणांत परीक्षकांमध्यें मोठी तफावत पडली असेल, तेंच चित्र तिघांनीं एकत्र उभें राहून पुन्हा पाहण्यास सर्वांत योग्य असतें. तफावत म्हणजे घोटाळा नव्हे. कोणाला तरी कांहीं तरी दिसलें आहे आणि कोणाला तरी तें दिसलेलें नाहीं, अशी ती खूण आहे.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, एवढा खटाटोप कशाला ? महाविद्यालयांतील प्रदर्शन म्हणजे कांहीं पॅरिसचें सालों नव्हे. दोन दिवसांचा उत्सव, मुलांना उत्तेजन, एवढाच त्याचा हेतु. हा आक्षेप मी हलका मानीत नाहीं. आयोजक प्राध्यापकांना वर्गाचें काम संभाळून हें करावें लागतें, परीक्षक पदरचा वेळ खर्चून येतात, आणि सभागृह संध्याकाळीं दुसऱ्या कार्यक्रमासाठीं रिकामें करून द्यावें लागतें. परंतु म्हात्रे, शेर-गिल ह्यांच्यासारख्यांना चुकीच्या निकालानें फारसा धोका पोंचला नाहीं, कारण त्यांना दुसरे पाहणारे भेटले. वऱ्हाडांतील खेड्यांतून आलेल्या शेतकीच्या विद्यार्थ्याला दुसरा पाहणारा कोण भेटणार ? त्याचें चित्र भिंतीवर लागण्याचा तो कदाचित् पहिला आणि शेवटचाहि प्रसंग असतो. तेथें त्याला केवळ एक आंकडा मिळाला, आणि तोहि चुकीचा, तर आपण चित्रें काढूं नयेत असा अर्थ तो घरीं घेऊन जातो. लहान प्रदर्शनांत चूक मोठी होते ती ह्यामुळें.

उपायहि खर्चाचे नाहींत. पहिला, गुणांच्या तक्त्यांत कारणासाठीं दोन ओळींची जागा असावी आणि त्या दोन ओळी निकालाबरोबर चित्राखालीं लावाव्या. साठ चित्रांना प्रत्येकीं दोन ओळी लिहिण्यास तासभर अधिक लागेल. तेवढ्यासाठीं परीक्षकांना दुपारऐवजीं सकाळीं बोलवावें. दुसरा, परीक्षकांनीं आधीं एकमेकांशीं न बोलतां गुण द्यावे, आणि ज्या चित्रांवर तीसाहून अधिक गुणांची तफावत दिसेल त्यांपुढें तिघांनीं एकत्र बसून बोलावें. तिसरा, छायाचित्रावरून उतरविलेलीं चित्रें आणि प्रत्यक्ष पाहून काढलेलीं चित्रें यांची स्पर्धा एकमेकांशीं लावूं नये. दोहोंचे कष्ट निराळे आणि गुणहि निराळे. चौथा, परीक्षकांमध्यें एक तरी असा असावा जो त्या भागांत राहतो, ज्यानें पऱ्हाटी फुटलेली पाहिली आहे आणि बाजारांत उन्हांत उभें राहून कापसाच्या वजनाची वाट पाहिली आहे. आणि पांचवा, पारितोषिक-समारंभ झाला कीं चित्रें उतरवूं नयेत. निदान दोन दिवस तीं राहूं द्यावीं, म्हणजे विद्यार्थी कारणें वाचतील, आपसांत वाद घालतील आणि परीक्षकांची परीक्षा घेतील. महाविद्यालयाच्या भिंतींमध्यें ह्याहून चांगला चित्रकलेचा वर्ग भरविणें कठीण आहे.

पुढील वर्षीं त्याच महाविद्यालयानें मला पुन्हा बोलाविलें. मीं एक विनंती केली आणि ती त्यांनीं मान्य केली. प्रत्येक चित्राखालीं क्रमांकाच्या बरोबर एक लहानशी चिठ्ठी लावण्यांत आली. नांव पूर्वींप्रमाणेंच गुप्त. पण विद्यार्थ्यानें स्वतःच्या हातानें तींत दोन गोष्टी लिहावयाच्या : हें चित्र कशानें काढलें, आणि कोठें बसून काढलें. त्या वर्षीं आम्ही तिघे परीक्षक चित्रापुढें पूर्वींपेक्षां दुप्पट वेळ उभे होतों. एका चिठ्ठीवर लिहिलें होतें, ‘एस. टी. च्या खिडकींतून, दर्यापूर ते अकोट.’ चित्रांतली झाडें कांहींशीं कललेलीं होतीं. आदल्या वर्षीं मीं त्यांचे गुण कापले असते.